सवलतीचे दिवस नसलेली मुदत

व्यापारी घराण्यांना ‘मुदत’ या शब्दाचे फारसे भय वाटत नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे मुदतीच्या वचनचिठ्ठीला ठरलेल्या दिवसानंतर तीन दिवसांची सवलत मिळते. महिन्याची उधारी दीड महिन्यावर गेली तरी व्यवहार तुटत नाही. विवरणपत्र उशिरा भरले तर विलंबशुल्क देऊन सुटका होते. अपिलाला उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली समाधानकारक कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. अशा अनुभवातून एक समजूत घराघरांत मुरलेली असते, की तारीख टळली तरी मार्ग निघतो. फार तर चार पैसे अधिक पडतात. मुलामुलींच्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशाच्या वेळी हीच समजूत घात करते.

उधारीच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा असे दोघेच असतात. त्यांनी आपसांत ठरवले की मुदत वाढते. प्रवेशाच्या व्यवहारात मागे रांग उभी असते. एकाने मुदतीत जागा स्वीकारली नाही की ती पुढच्या फेरीत दुसऱ्याच्या नावे जाते, आणि त्या दुसऱ्याने काही अपराध केलेला नसतो. म्हणूनच न्यायालये या तारखांविषयी कठोर राहिली आहेत. वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या मधू सिंग प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जागा रिकामी राहिली एवढ्याच कारणावरून सत्राच्या मध्यावर प्रवेश देता येणार नाही.

तरीही न्यायालयाचे दार काही वेळा उघडले आहे. ते का उघडले, हे नीट समजून घेतले पाहिजे.

2024 सालच्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी कामगाराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा स्वीकारण्यासाठी 17,500 रुपये 24 जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरायचे होते. गावकऱ्यांच्या मदतीने रक्कम जमली तेव्हा पावणेपाच झाले होते. कागदपत्रे संगणकावर चढवून पैसे भरेपर्यंत पाच वाजले आणि संकेतस्थळ बंद झाले. त्यानंतर हे कुटुंब अनुसूचित जाती आयोगाकडे गेले, झारखंडात दाद मागून पाहिली, मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 30 सप्टेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने त्या मुलाला त्याच तुकडीत प्रवेश देण्याचा आदेश दिला.

या आदेशात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली दिलेला आहे. ‘पूर्ण न्याय’ करण्याचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा असून उच्च न्यायालयांना तो नाही. दुसरी, त्या मुलासाठी जादा जागा निर्माण करण्यास सांगितले गेले. आधी प्रवेश मिळालेल्या कोणाही विद्यार्थ्याची जागा हलवली गेली नाही. 22 नोव्हेंबर 2021 रोजी मुंबईच्या आयआयटीतील एका प्रवेशाविषयी न्यायालयाने असाच आदेश दिला होता. त्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता, पण तांत्रिक अडचणीमुळे ते भरले गेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही जागा दिली, आणि तीही इतर कोणाच्या जागेला धक्का न लावता.

दोन्ही प्रकरणांत पैशांची अडचण होती, गुणवत्ता होती आणि मुदतीच्या आत केलेल्या प्रयत्नांचा पुरावा होता. दुकानाच्या हंगामात तारीख ध्यानातून गेली, वडील परगावी होते, चिरंजिवांनी सांगितलेच नाही, असल्या कारणांना या निर्णयांचा आधार मिळणार नाही.

दुसरा मोठा वाद कागदपत्रांचा असतो. चार्ल्स स्कारिया प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1980 साली एक भेद सांगितला. पात्रता असणे ही एक गोष्ट आणि त्या पात्रतेचा दाखला जोडणे ही दुसरी. पात्रता मुदतीपूर्वी मिळालेली असलीच पाहिजे. दाखला मात्र निवडीपूर्वी सादर झाला तर केवळ उशिरासाठी उमेदवाराला बाहेर ठेवू नये. ओडिशातील डॉली छंदा प्रकरणात 2004 साली हेच तत्त्व उपयोगी पडले. तेथे एका माजी सैनिकाच्या मुलीच्या प्रमाणपत्रात देणाऱ्या कार्यालयाकडूनच चूक झाली होती आणि दुरुस्त प्रमाणपत्र नंतर सादर झाले. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. 27 जानेवारी 2014 रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांसाठी अर्ज करताना धर्माचा पुरावा मागितला जातो. अनेकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि जातीच्या रकान्यात ‘जैन’ अशी नोंद आढळते. काहींच्या दाखल्यावर ‘जैन’ हा शब्दच नसतो. जन्माने जैन असणे ही पात्रता झाली, पण ती सिद्ध करणारा कागद वेळेवर लागतो. माहितीपुस्तिकेत प्रमाणपत्राची अंतिम तारीख स्पष्ट दिलेली असेल, तर स्कारिया प्रकरणाचा आधार नेहमी पुरेलच असे नाही. शाळेतील नोंद दुरुस्त करून घेण्याचे काम नववी-दहावीतच उरकावे. प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही.

तिसरा मुद्दा न्यायालयात जाण्यास होणाऱ्या उशिराचा. आशा विरुद्ध पंडित भगवत दयाल शर्मा आरोग्यविज्ञान विद्यापीठ (2012) आणि कृष्णा श्रद्धा (2019) या दोन निर्णयांतून एक कसोटी उभी राहते. उमेदवाराकडे दोष नसावा, चूक अधिकाऱ्यांची असावी आणि उमेदवाराने विनाविलंब दाद मागितलेली असावी. म्हणजे अर्जाला झालेला उशीर एखाद्या वेळी माफ होईल, पण न्यायालयात येण्यास केलेला उशीर सहसा माफ होत नाही. ओळखीच्या माणसाकडून काम होईल या आशेवर तीन आठवडे घालवणाऱ्या कुटुंबाची बाजू तिथेच लंगडी पडते.

तेव्हा घरातील कर्त्या माणसाने वसुलीच्या तारखांइतकेच प्रवेशाच्या तारखांकडे लक्ष द्यावे. शुल्काची रक्कम फेरीच्या निकालापूर्वीच बचत खात्यात मोकळी ठेवावी. ठेव मोडायची असेल तर मध्ये येणाऱ्या सुट्ट्या पाहाव्यात. कार्डाची आणि नेट बँकिंगची दैनिक मर्यादा आधी तपासावी, कारण शेवटच्या तासात ती वाढवून मिळेलच असे नाही. शक्यतो दोन दिवस आधी पैसे भरावेत. खात्यातून रक्कम वजा झाली आणि संस्थेकडे पोहोचली नाही, तर व्यवहार क्रमांक आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि त्याच दिवशी, शक्य तर मुदत संपण्यापूर्वी, प्रवेश प्राधिकरणाला व बँकेला ई-मेल करावा. तोंडी तक्रारीला पुराव्याचे मोल नसते. उत्तर आले नाही तर दोन-चार दिवसांत वकिलाचा सल्ला घ्यावा.

अडचणीत सापडलेल्या मुलाला न्याय मिळावा, असे कोणालाही वाटेल. पण रांगेत मागे उभे असलेले मूलही कोणाचे तरी असते. अचौर्याणुव्रत पाळणाऱ्या समाजाने, न दिलेले घेऊ नये हा नियम प्रवेशाच्या जागेलाही लावावा. सर्वोच्च न्यायालयाने धनबादच्या मुलाला जागा दिली ती दुसऱ्याची काढून दिली नाही. अशी जादा जागा क्वचितच निर्माण होते. एरवी वेळेवर भरलेला अर्ज हाच स्वतःच्या हक्काचा आणि दुसऱ्याच्याही हक्काचा मान राखतो.