कालवांचा ताळेबंद

राजेंद्रनगरात राहणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कालवांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. इंदूरला समुद्र नाही. परंतु माझे आजोळ कुमठ्याचे. घरात आई कानडी बोलते आणि शाळेत मी मराठी शिकलो. अघनाशिनीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी वाकून शिंपल्या वेचणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रत्नागिरी-मालवणकडील खाड्यांतही हाच धंदा चालतो. हिशेबशास्त्र शिकू लागल्यावर त्याचा ताळेबंद मांडून पाहावा असे वाटले.

प्रथम मिळकतीची बाजू पाहू. कालव खडकाला घट्ट चिकटलेले असते; खडक उघडा पडेल तेवढाच वेळ काम. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते आणि पाणी खूप खाली जाते ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे महिन्यातले चांगले दिवस थोडेच. 100 किलो कालवे फोडली तर मांस जेमतेम 10 किलोच्या आत निघते. ते उन्हात टिकत नाही, म्हणून दुपार कलली की वाटा मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. भाव ठरविण्याची ताकद विकणारीकडे नसते.

आता खर्च. एक लोखंडी हत्यार आणि एक टोपली! तेव्हा विक्री तोच नफा, असे कोणीही म्हणेल. परंतु दोन रकमा या वहीत चढतच नाहीत. पहिली, त्या बाईची स्वतःची मजुरी. दुसरी, खडकाचा घसारा. कालवाचे पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगते व मग कठीण जागा पाहून कायमचे चिकटते. जुन्या कालवांची शिंपली त्याला विशेष मानवते. मांस हे व्याज, तर शिंपल्यांचा थर हे मुद्दल. चुन्यासाठी तो थर उपसला की मुद्दलच खर्ची पडते आणि वहीत मात्र उत्पन्न वाढलेले दिसते.

स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवून दिले की, जिथे कोणालाही मासेमारीस मोकळीक असते, तिथे नफा उरेनासा होईपर्यंत माणसे येतच राहतात. कालवांनाही हे लागू आहे. मात्र एक फरक आहे. मासा पोहून जातो, कालव जागचे हलत नाही. आज सोडलेले लहान कालव पुढच्या वर्षी तिथेच मोठे झालेले सापडेल, फक्त शेजारणीनेही ते सोडले पाहिजे. म्हणून इथे नियम करणे तुलनेने सोपे आहे.

आणि नियम चालतातही. इंग्लंडमध्ये फाल नदीच्या मुखाशी नैसर्गिक कालवे आजही केवळ शिडाच्या व वल्ह्याच्या होड्यांनी काढतात. ठरावीक कडीतून आरपार जाणारे लहान कालव परत टाकावे लागते. केरळातील अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांचे उत्पादन घसरल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हे प्रजननाचे महिने बंद ठेवले गेले. 2014 साली त्या मत्स्यव्यवसायाला भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिची चूल रोजच्या वाट्यावर पेटते, तिने तीन महिने थांबावे कसे? माझे उत्तर असे की, थांबण्याचेही दाम मोजले पाहिजे. बंदीच्या काळात मच्छीमारांना आधार द्यायचा, तर या बायकांची नोंदही मच्छीमार म्हणूनच झाली पाहिजे. होडी नाही म्हणून त्या कोळीण नव्हेत, हा न्याय कुठला?

कालवांची शेती हा दुसरा उपाय सांगितला जातो. महाराष्ट्र शासनाच्या 2017 च्या कांदळवन उपजीविका योजनेत तिला स्थान आहे, हे चांगलेच झाले. परंतु शेतीसाठी लागणारे बीजही बव्हंशी खाडीतूनच यायचे. खडक उजाड झाले तर शेतीला बी कोण देणार?

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बँकांत, सहकारी संस्थांत बसतील. तिथे एखादी कालववाली कर्जाचा अर्ज घेऊन आली, तर तारण म्हणून तिच्याकडे काहीच नाही असे लिहिण्यापूर्वी त्या खडकाची किंमत विचारात घ्यावी. तो एकटीच्या नावावर नसेल. परंतु साऱ्याजणींनी मिळून राखला, तर त्याच्याइतके खात्रीचे मुद्दल दुसरे नाही.