स्वस्तातले सोने आणि आपला व्यापारी

लग्नसराईत कापडाच्या दुकानात विक्री वाढते, तशी उधारीही वाढते. मग वसुलीच्या वेळी एखादे गिऱ्हाईक रोख रकमेऐवजी रुमालाच्या गाठीतून गिन्नी किंवा बिस्किट काढते आणि म्हणते, "शेठ, हे ठेवून घ्या, भावात थोडे कमी धरा." आम्ही कापडवाले बोटाने सूत ओळखतो, सोन्याचा कस ओळखणे हा आमचा धंदा नव्हे. ठकालाही हे ठाऊक असते, म्हणून तो सराफाकडे जात नाही, आमच्याकडे येतो.

आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात या थापेला तेरच्या नावाची जोड मिळते. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील लामतुरे संग्रहालयात जुन्या वस्तू मांडलेल्या आहेत, त्यामुळे "नांगरताना हंडा लागला" ही गोष्ट लोकांना खरी वाटते. पण सातवाहनांची नाणी मुख्यतः शिसे, तांबे, पोटीन आणि काही चांदीची. आणि हंडा खराच सापडला, तरी गुप्तधनाच्या 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. म्हणजे माल खोटा असेल तर पैसे बुडाले, खरा असेल तर चौकशी मागे लागली! फसलेला माणूस पोलिसांत जायला कचरतो तो याचमुळे.

या टोळ्यांची रीत ठरलेली असते. आधी एक अस्सल नाणे देतात, "हवे तिथे तपासा" म्हणतात. सराफ खरे सांगतो, आपला विश्वास बसतो, आणि पुढची पिशवी पितळेची निघते. म्हणून नमुना तपासणे म्हणजे माल तपासणे नव्हे. हे तर आपण कापडाच्या गाठींतही पाळतो.

वजन-माप बरेच काही सांगते. ब्रिटिश गिन्नी 7.98 ग्रॅमची, व्यास सुमारे 22 मि.मी. तेवढ्याच आकाराचे पितळ निम्म्याहून कमी भरते. वजन जुळवायचे तर नाणे जाड करावे लागते. दहा तोळ्यांचे (116.64 ग्रॅम) शुद्ध बिस्किट पाण्यात बुडविले तर सुमारे 6 मिलीलिटर पाणी सारते, पितळ 13 हून अधिक. मात्र टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने तो या परीक्षेत पास होतो. कसोटीचा दगड आणि तेजाबही फक्त वरचा थर सांगतात. मोठे बिस्किट असेल तर कापून किंवा वितळवूनच खात्री करावी. विकणारा त्याला तयार नसेल तर सौदा तिथेच सोडावा.

दागिन्यांवर आता बीआयएसचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर पाहता येतो. परंतु 2020 च्या हॉलमार्क आदेशातून नाणी आणि बिस्किटे वगळण्यात आली. आमच्या मते ही मोठी चूक झाली. ज्या वस्तूत कारागिरी नसते, जी केवळ शुद्धतेच्या भरवशावर हातोहात फिरते, तिलाच सूट का? सीलबंद पाकिटावर विसंबू नये, पाकीटही छापता येते. पाकिटावरचा क्रमांक बिस्किटावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि पक्के बिल मागावे. तीन टक्के जीएसटी वाचविण्यासाठी बिल टाळणारा पुढे दाद कोणाकडे मागणार?

उधारीपोटी सोने घ्यायचेच असेल, तर गिऱ्हाइकाला सोबत घेऊन हॉलमार्क केंद्रात किंवा ओळखीच्या सराफाकडे जावे, प्रत्येक नग तपासावा आणि त्यानंतरच खात्यावर जमा लिहावे.