सोळावा दिवस कोणाचा?

“क्युरेटिंग म्हणजे काय मोठं ऑपरेशन आहे का?” हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. माझ्या मावसबहिणीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला आणि पिशवी साफ करावी लागली. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं. डिस्चार्ज कार्ड नवऱ्याच्या हातात दिलं, पथ्यं सासूला सांगितली. दोन दिवसांनी तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती पेनानं केलेला गोल दिसला. संबंध टाळायला सांगितलेले पंधरा दिवस त्या तारखेला भरत होते. गोल तिनं केलेला नव्हता.

या गोलामागच्या समजुती खोडायलाच हव्यात.

पहिली समजूत, हे सगळं किरकोळ आहे. शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची, हे खरं. पण तेवढ्यात गर्भाशयाचं तोंड रुंद केलेलं असतं आणि आतला भाग खरवडून किंवा ओढून काढलेला असतो. आत ओली जखम असते, आणि तोंड मिटेपर्यंत जंतूंना वाट मोकळी असते. म्हणून रक्तस्राव थांबेपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, संबंध नको असं डॉक्टर सांगतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानंही गर्भपातानंतर नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. कायद्याला जे किरकोळ वाटलं नाही, ते घराला का वाटावं?

दुसरी समजूत, पंधरा दिवस भरले की बाई मोकळी. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस म्हणजे ‘त्याआधी नको’ एवढंच. ‘त्या दिवशी हवंच’ असं कोणत्याही डॉक्टरनं लिहिलेलं नसतं. जखम भरली तरी गेलेल्या बाळाचं दुःख आणि दुखण्याची धास्ती तारीख पाहून जात नाहीत.

तिसरी समजूत नेमकी उलटी. पिशवीला हत्यार लागलं, आता सहा महिने जवळ जायचं नाही! हीही चूकच. अस्तर पुन्हा वाढतं, बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत पाळी येते. नवरा भीतीनं पाठ फिरवून झोपतो आणि तिला वाटतं, आपल्यातच काही बिघडलं. खरं तर त्यालाही कोणी काही सांगितलेलं नसतं. जवळ बसायला, हात हातात घ्यायला पहिल्या दिवसापासून बंदी नाही.

‘पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत’ हा तर सर्वांत धोक्याचा भ्रम. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही बीज बाहेर पडू शकतं. म्हणून गर्भनिरोधकाचं बोलणं दवाखान्यातून निघतानाच व्हायला हवं.

मग कसोटी कोणती? रक्तस्राव थांबलेला, पोटात दुखत नाही, ताप नाही, आणि तिला मनापासून हवं आहे. यातलं शेवटचं नसेल तर आधीची तिन्ही पुरत नाहीत. उलट तासाला दोन पॅड भिजू लागले आणि दोन तास तसंच राहिलं, ताप १०० च्या वर गेला, अंगावरून जाण्याला घाण वास आला किंवा दुखणं वाढत गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

१९७१ चा गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती मागतो, नवऱ्याची नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिची सही पुरते, तिचा होकार घरच्या अंथरुणावर गृहीत कसा धरता येईल? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर उघड मराठीत लिहिलं. शंभर वर्षांनंतरही या गोष्टी आपण खुद्द बाईशी उघड बोलत नाही.

माझ्या बहिणीनं पुढच्या तपासणीला आपलं कार्ड मागून घेतलं आणि डॉक्टरांना स्वतः विचारलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “अजून नाही. वाटेल तेव्हा मी सांगेन.” तो गप्प राहिला, मग म्हणाला, “मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.”

डॉक्टरांना एवढीच विनंती आहे, कार्ड तिच्या हातात द्या आणि तिच्याशी बोला. आणि घरच्यांनो, कॅलेंडरवरचा गोल तिला करू द्या.