मास्टर चार्ट दाखवा

वैद्यकीय जर्नलला पेपर पाठवायची तयारी म्हणजे काय, हे आपल्या मेडिकल कॉलेजांनी एका अख्ख्या पिढीला चुकीचं शिकवलं आहे. संदर्भांना व्हँकूवर पद्धतीचे आकडे घालायचे, अॅबस्ट्रॅक्ट दिलेल्या शब्दांत बसवायचा, टेबलातल्या उभ्या रेघा काढायच्या, संपादकाला कव्हर लेटर लिहायचं, झाली तयारी! ही कामं सुट्टीच्या एका दिवसात उरकतात आणि कुणालाही शिकता येतात. पेपरची तयारी सुरू होते ती रुग्ण समोर बसलेला असताना, केस पेपरवर पहिली ओळ लिहिली जाते तेव्हा. ती ओळ खोटी असेल किंवा लिहिलीच गेली नसेल, तर पुढचं सगळं लबाडी आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. आमच्याकडची, आर्वी-कारंजाकडची बरीच मुलंमुली आता एमडी, एमएसला जातात. त्यांच्या घरच्यांशी माझी ओळख असते, त्यामुळे थीसिस आणि पेपर घेऊन ती माझ्याकडे येतात. एका संत्रा बागायतदाराची मुलगी अशीच आली होती. "काका, फक्त इंग्रजी बघून द्या. सर म्हणतात शुक्रवारपर्यंत सबमिट झालंच पाहिजे." मी म्हटलं, आधी मास्टर चार्ट दाखव, सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता. तिनं लॅपटॉप उघडला. वरच्या रुग्णांचे आकडे खाली गेल्यावर त्याच क्रमानं पुन्हा सुरू झाले होते. वय बदललेलं, नोंदणी क्रमांक बदललेला. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन मात्र दशांशासकट तेच. ब्लड प्रेशरच्या रकान्यातला प्रत्येक आकडा शून्यावर संपत होता. मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ड्यूटीतून उसंतच नाही मिळत काका. सीनियर म्हणाले, सगळे असंच भरतात."

सगळे असंच भरत नाहीत. पण भरणारे इतके आहेत की ती मुलगी हे वाक्य मान खाली न घालता बोलू शकली. या पापाचा मोठा वाटा तिचा नाही, तिच्याकडून ते करून घेणाऱ्यांचा आहे. रेसिडेन्सीला लागून वॉर्डाचा रस्ताही नीट कळलेला नसतो, तेवढ्यात गाइड विषय सोपवतात. बहुतेकदा तो आधीच्या बॅचचाच, एखादा शब्द फिरवलेला. किती रुग्ण लागतील याचा हिशेब आधी मांडायचा असतो, तो शेवटी मांडला जातो, मिळालेल्या संख्येला जुळेल असा. संख्याशास्त्रज्ञाला बोलावतात तेव्हा सगळं संपलेलं असतं; त्याच्याकडून एवढीच अपेक्षा की पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून द्यावी. संमतीपत्रावर अंगठे असतात, पण वर काय छापलंय ते वाचून दाखवलेलं नसतं. आणि या सगळ्यावर एथिक्स कमिटीचा शिक्का असतो.

नियम करणाऱ्यांनी तर याला दारच उघडून दिलं. पदव्युत्तर परीक्षेला बसायचं तर एक पोस्टर, परिषदेत एक पेपरवाचन आणि एक शोधनिबंध, अशी अट मेडिकल कौन्सिलनं घातली. निबंध छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता छापण्यासाठी पाठवलेला असला तरी चालत होता! म्हणजे पोचपावती पुरत होती. ज्या अटीची पूर्तता ईमेलच्या पोचपावतीनं होत होती, ती संशोधन कसं घडवणार होती?

मग प्राध्यापकांच्या बढत्या आल्या. २०१५ साली कौन्सिलनं परिपत्रक काढलं: बढतीसाठी पहिल्या आणि दुसऱ्या लेखकाचंच नाव मोजायचं, ई-जर्नल चालणार नाही, जर्नल अमुक याद्यांतलं हवं. त्या याद्यांत स्कोपस, मेडलाइनच्या पंगतीला इंडेक्स कोपर्निकस बसवलं होतं, ज्याच्या यादीत कसलीही जर्नलं शिरत होती. देशातल्या संपादकांनी तेव्हाच हरकत घेतली होती. २०२० च्या दुरुस्तीत याद्या बदलल्या, पहिले तीन लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक मोजायचं ठरलं. पण त्याच दुरुस्तीत मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज एवढंच धरलं. एकट्या रुग्णाची नीट लिहिलेली हकीकत, म्हणजे केस रिपोर्ट, बाद. तरुण डॉक्टरला प्रामाणिकपणे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिता येईल असा एकच प्रकार होता, आणि नेमकी त्याचीच किंमत शून्य केली.

जिथे गरज सक्तीची आणि वेळ अपुरा, तिथे बाजार भरणारच. स्कोपसमधला पेपर, लेखकाच्या जागा शिल्लक, पहिल्या नावाचा दर वेगळा, तिसऱ्याचा वेगळा, असे व्हॉट्सअॅप मेसेज मला येतात, माझ्या ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला येतात. पैसे घेऊन कसलाही मजकूर छापणाऱ्या जर्नलांचा मोठा कारखाना आपल्याच देशात, हैदराबादेत होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ओमिक्स या कंपनीवर खटला भरला आणि २०१९ साली तिथल्या न्यायालयानं तिला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. समीक्षा न करता समीक्षा झाल्याचं सांगणं, ज्यांनी होकारही दिला नव्हता अशा शास्त्रज्ञांची नावं संपादक मंडळात घालणं, पैशांची मागणी लेख स्वीकारल्यानंतर पुढे करणं, असे आरोप होते. दंड परदेशात झाला. आपल्याकडे ज्यांनी तिथे पेपर छापून बढत्या घेतल्या, त्यांच्या खुर्च्यांना कुणी हात लावला नाही.

इतका आटापिटा करून निघालं काय? दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलचे डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब मांडला. ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांमधून, म्हणजे अर्ध्याहून जास्त ठिकाणांहून, एकही पेपर आला नव्हता. वर्षाला शंभरावर पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५. त्यानंतर सक्ती वाढली आणि आकडा फुगला असेलही, पण सक्तीनं फुगलेल्या आकड्यात तो मास्टर चार्टही मोजलेला असतो, हे मला ठाऊक आहे.

"आमच्याकडे सोय नाही, ग्रामीण भागात संशोधन कसं होणार?" हे मला कॉलेजांतली माणसं सांगतात. तीनशे-चारशे खाटा आणि संख्याशास्त्राचा स्वतंत्र माणूस असलेल्या कॉलेजांतली! त्यांनी महाडकडे बघावं. डॉ. हिम्मतराव बावसकर १९७० च्या दशकात रायगडमधल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, फुफ्फुसात पाणी भरून मरत होती. या डॉक्टरनं खाटेशेजारी रात्र काढून नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हातपाय तासातासाला लिहिले. त्या नोंदींतून १९८२ साली लॅन्सेटमध्ये लेख छापून आला. विषानं शरीरात काय उलथापालथ होते हे त्या नोंदींमुळेच कळलं, म्हणून प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरायचं सुचलं, आणि कोकणात विंचवानं मरणं विरळ झालं. पुढे प्रतिविष आल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी स्वतःचीच पद्धत तपासायला घेतली. ७० रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट, क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी. प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे. नुसतं प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. हे २०११ साली बीएमजेत आलं. ज्या औषधानं आपलं नाव झालं ते एकटं पुरत नाही, हे त्यांनी स्वतःच्याच आकड्यांनी सिद्ध केलं. बढतीसाठी लिहिणारा माणूस असं कधी करेल का?

बारामतीचं घ्या. तिथल्या गिरीराज हॉस्पिटलमध्ये डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या २०० रुग्णांवर प्रॅलिडॉक्झिम हे औषध देण्याच्या दोन पद्धती पडताळल्या. सुरुवातीच्या मोठ्या डोसनंतर एका गटाला ४८ तास सलग थेंब, दुसऱ्याला दर चार तासांनी एक ग्रॅम. पहिल्या गटात १०० पैकी १ दगावला, दुसऱ्यात ८. २००६ मध्ये हा पेपर लॅन्सेटनं छापला. तालुक्याच्या गावातल्या खासगी इस्पितळाचा पेपर! २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात प्रॅलिडॉक्झिमचा फायदा दिसला नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मिटला नाही तरी हरकत नाही. बारामतीकरांनी कोणते रुग्ण घेतले, कधी आणले, किती औषध दिलं, हे सगळं लिहिलेलं असल्यामुळेच जगाला त्यांच्याशी वाद घालता येतो. कॉपी-पेस्ट केलेल्या हिमोग्लोबिनशी कोण वाद घालणार?

गडचिरोलीची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो, पण तो पेपर किती जणांनी वाचलाय? १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये डॉ. राणी बंग पहिल्या लेखिका असलेला लेख आला. दोन गावं, ६५० बायका, तक्रार असो वा नसो सगळ्यांची तपासणी. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच सरकारी कागद धरत. दवाखान्यात येणाऱ्याच बायका मोजल्या असत्या तर हा आकडा कधीच मिळाला नसता. इथे अभ्यासाची पद्धत हाच शोध होता. आणि त्या लेखावर बंग पती-पत्नींखेरीज आणखी चार नावं आहेत. १९९९ साली बंगांच्याच संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. त्या अभ्यासात बाळांच्या नोंदी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांनी लिहिल्या. आपल्या रेसिडेंटला जे जमत नाही म्हणून सांगतात, ते त्यांनी केलं.

लेखकांच्या नावांबद्दल बोलायलाच हवं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी. चारही हव्यात. आपल्याकडे एचओडींचं नाव एकही अट न पाळता छापलं जातं, आणि रात्री दोन वाजता सॅम्पल घेणारी सिस्टर, स्लाइड वाचणारा टेक्निशियन, घरोघर फिरणारी आशा यांचे साधे आभारही नसतात. ही चोरी आहे. पेपर छापून आल्यावर आकड्यांबद्दल प्रश्न निघाला तर हेच एचओडी म्हणतात, ते सगळं स्टुडंटनं केलंय.

आष्टीत काय लिहिण्यासारखं आहे, हे मला रोज दिसतं. संत्र्याच्या, कपाशीच्या फवारणीनंतर माणूस येतो, सोबत बाटली नसते, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असतात आणि नातेवाइकांना त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाही. अॅट्रोपिन किती द्यायचं ते त्याच्या बाहुल्या आणि छाती बघून ठरवावं लागतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळ्यांना आकडे हवे होते. ते कुठून येणार? आमच्याकडून आर्वीला, तिथून सेवाग्राम-सावंगीला जाणाऱ्या रेफरल चिठ्ठ्यांवर 'पॉयझनिंग' एवढा एकच शब्द असतो. साप चावून आलेल्याला पहिलं प्रतिविष किती वेळानं मिळालं, हे एका रकान्यात लिहिलं तर वर्षाअखेरीस एक खरा पेपर उभा राहील. त्याला एमआरआय लागत नाही, अनुदान लागत नाही. घड्याळ आणि प्रामाणिकपणा लागतो.

सरकारचं काम वेगळं आहे आणि तेही त्यानं करावं. जर्नलं वाचायला मिळावीत यासाठीच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांना ६००० कोटी. ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तीच जर्नलं का उघडता येऊ नयेत? विषबाधेचा रुग्ण आधी त्याच्याच टेबलावर येतो. पेपर छापायला पैसे लागतात, हे कारण मात्र मी ऐकून घेणार नाही. मुंबईच्या केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन आणि इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स लेखकाकडून पैसे घेत नाहीत. ती लेख परत पाठवतात, प्रश्न विचारतात, रुग्ण कसे निवडले ते सांगा म्हणतात. उत्तर नसतं म्हणून लोक पैसेवाल्या जर्नलकडे पळतात.

प्रत्येक डॉक्टरनं संशोधन केलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. चांगला सर्जन आयुष्यात एकही पेपर न लिहिता प्राध्यापक होऊ शकला पाहिजे, त्याचं ऑपरेशन आणि त्याचं शिकवणं बघून. सक्ती काढा. ज्याला लिहायचंय त्याला रेसिडेन्सीत ड्यूटीविना सलग तीन महिने द्या. केस रिपोर्ट पुन्हा मोजा. परीक्षेच्या वेळी बांधलेल्या थीसिससोबत मूळ प्रोफॉर्मा आणि केस पेपर मागवा, त्यातले कुठलेही दहा काढून मास्टर चार्टशी पडताळा, आणि जुळले नाहीत तर विद्यार्थ्याच्या आधी गाइडला जाब विचारा. एवढं करायला नवा कायदा लागत नाही. परीक्षकानं अर्धा तास काढला की पुरे.

त्या मुलीला मी इंग्रजी सुधारून दिलं नाही. खरे भरलेले रुग्ण किती, ते वेगळे काढायला सांगितलं. निम्म्याहून कमी निघाले. तेवढ्यांवरच पेपर लिही, संख्या कमी का पडली तेही लिही, असं सांगितलं. तिचे गाइड नाराज झाले आणि माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. यापुढे आष्टीत माझ्याकडे पेपर घेऊन येणाऱ्यांनी मास्टर चार्ट आणि हातानं भरलेले प्रोफॉर्मे सोबत आणावेत. नुसता टाइप केलेला मजकूर मी वाचणार नाही.