एकाच पत्त्याचे रहिवासी

सी ही संगणकभाषा शिकणाऱ्या मुलांची परीक्षा जवळ आली, की ‘स्ट्रक्चर व युनियन यांतील फरक सांगा’ हा प्रश्न घरोघर घोकला जातो. स्ट्रक्चरमध्ये प्रत्येक घटकास स्वतंत्र जागा, युनियनमध्ये सर्वांस मिळून एकच. सबब युनियनने स्मृतीची बचत होते. उत्तर खोटे नाही. परंतु विषयाचे मर्म त्यातून निसटते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्यवस्था पाहू. एक पूर्णांक 4 बाइटांचा, एक ‘डबल’ प्रकारची दशांश संख्या 8 बाइटांची व एक नाव 20 बाइटांचे, अशी तीन माणसे आहेत. आजच्या बहुतेक संगणकांवर स्ट्रक्चरमध्ये ती याच क्रमाने बसविली, तर 40 बाइट लागतात. बेरीज 32 होते, मग वरचे 8 कुठले, असे चौकस विद्यार्थ्याने विचारावेच. डबल संख्या 8 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवण्याचा प्रघात आहे. त्यापायी मध्ये 4 व शेवटी 4 बाइट मोकळे सोडावे लागतात. युनियनमध्ये हेच काम 24 बाइटांत भागते, कारण तिघांचाही पत्ता एकच. मात्र एक आत आला, की दुसऱ्याचे बिऱ्हाड मोडते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली, त्या वेळी त्यांच्या पहिल्या पीडीपी-11 यंत्रास अवघी 24 हजारांच्या आसपास बाइट स्मृती होती. युनियन सीमध्ये आले ते 1973 नंतर. तेव्हा काटकसर हा मोठाच गुण होता. आज खिशातल्या फोनमध्ये अब्जावधी बाइट असतात. केवळ बचतीसाठी युनियन शिकवायचे, तर ते वस्तुसंग्रहालयात ठेवलेले बरे! (आर्डुइनो उनोसारख्या छोट्या पाटीवर मात्र आजही 2 हजारच बाइट मिळतात, हेही खरे.)

मर्म आहे ते वाचनात. युनियनमध्ये ‘फ्लोट’ प्रकाराने 1.0 लिहा आणि तेच 4 बाइट पूर्णांक म्हणून वाचा. सामान्यतः 1065353216 हे उत्तर येते. एक बिटही हललेला नसतो, बदलला तो वाचणारा. आमच्या इंद्रपुरीत हा अनुभव रोजचा आहे. भेलच्या निमित्ताने प्रांतोप्रांतीची कुटुंबे या भागात आली. ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून महाराष्ट्रातून नुकताच आलेला मुलगा दचकतो. हिंदी भाषकाला त्यात केवळ शिक्षण दिसते. आमची घरची भाषा कोंकणी. तीत ‘चली’ म्हणजे मुलगी, हिंदीत तीच दोन अक्षरे ‘निघाली’ असे सांगतात. अक्षरे तीच; कोणत्या भाषेत लिहिली, हे अक्षरांवर लिहिलेले नसते.

युनियनच्या बाइटांवरही ते लिहिलेले नसते. ही कल्पना सीने अल्गोल 68 पासून घेतली. परंतु आत कोणत्या प्रकारचे मूल्य आहे याची नोंद तेथे भाषाच ठेवीत असे. सीने जागा उचलली आणि पहारेकरी मागे ठेवला. ती जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आली. म्हणून जाणते लोक युनियनशेजारी एक खुणेचा घटक ठेवतात, आत कोण आहे ते त्यात लिहितात आणि वाचण्यापूर्वी ती खूण पाहतात. रस्ट या अलीकडच्या भाषेत तर हे काम पुन्हा भाषेनेच आपल्याकडे घेतले आहे; तेथील ‘एनम’ आपली खूण बरोबर घेऊनच वावरतो. आमच्या पाहण्यातल्या किती वह्यांत ही खूण असते? जवळजवळ एकाही नाही. तक्त्यातले पाच फरक मात्र सर्वांना पाठ!

तेव्हा परीक्षकांनी तो जुना प्रश्न काही वर्षे विश्रांतीस पाठवावा, असे आम्ही सुचवितो. त्याऐवजी विचारावे : युनियनमध्ये 20 अक्षरांचे नाव भरले, मग 4 बाइटांचा पूर्णांक लिहिला, आता नावाची किती अक्षरे शाबूत राहिली? ‘सोळा’ म्हणणाऱ्यास अर्धे गुण द्यावेत. प्रत्यक्षात बहुधा तेवढी राहतात. पण सीचे प्रमाण-नियम त्या सोळांचीही हमी देत नाहीत, एवढे जो लिहील त्यास पूर्ण.