विश्लेषण : ‘तब्येत कशी आहे?’ विचारता, तर उत्तराचे पुढे काय?

रुग्ण अतिदक्षता विभागातून घरी आला की ‘जीव वाचला’ म्हणून सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण हातापायांतील अशक्तपणा, विसरभोळेपणा, झोपमोड, भीती, उदासी असे त्रास पुढे कित्येक महिने राहू शकतात. याला वैद्यकशास्त्रात ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हणतात. अनेक घरांत ‘आजारपणानं थकवा आला’ म्हणून ते अंगावर काढले जाते. हे त्रास वेळेत कळावेत, यासाठीच पाठपुरावा सर्वेक्षण असते.

नेमके काय विचारतात?
जगभर वापरली जाणारी ‘ईक्यू-५डी’ प्रश्नावली पाच गोष्टी विचारते : चालणे-फिरणे, स्वतःची कामे, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य. केंद्र सरकारची २०१६ पासूनची ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था मात्र रुग्णालयाच्या सेवेबद्दल मत घेते. एक प्रश्न रुग्णाचा, दुसरा रुग्णालयाचा. फोन कशासाठी आहे, हे आधीच सांगितले पाहिजे.

अडते कुठे?
वाशिम जिल्ह्यातील गंभीर रुग्णाला अनेकदा अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. पुढे फोन येतो, तो मुलगा उचलतो आणि ‘सगळं ठीक आहे’ सांगून ठेवतो. मनातली भीती आई मुलासमोर बोलत नाही. मानोऱ्याच्या शेतकरी बाईसाठी ‘रोजचे व्यवहार’ म्हणजे निंदण, सोयाबीनची सोंगणी, पाण्याचा हंडा. तिला ‘उकिडवं बसता येते का?’ असे विचारले, तरच खरे उत्तर मिळेल. तांड्यावर तर हा प्रश्न बंजारा बोलीत विचारायला हवा. त्यात ओटीपी मागणाऱ्या भामट्यांमुळे अनोळखी फोनची धास्ती वेगळीच.

मग काय हवे?
आमच्या मते, उत्तराला पुढची वाट नसेल तर असे सर्वेक्षण म्हणजे नुसते रकाने भरणे. ‘झोप लागत नाही’ असे सांगणाऱ्याला पुढचा फोन डॉक्टरांचा यावा. वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तेथे अतिदक्षतेतून परतलेल्यांसाठी ठराविक वारी बाह्यरुग्ण तपासणी ठेवता येईल. आशा सेविकेनेही घरी जाऊन विचारावे. मात्र या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळायला हवा.

तुम्ही काय कराल?
• शक्यतो रुग्णानेच उत्तर द्यावे.
• आजाराआधी जमत होते आणि आता जमत नाही, ते नेमके सांगा.
• माहिती कोण, कशासाठी घेते, हे विचारा. नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे.
• ओटीपी, बँक खाते, आधार क्रमांक सांगू नका.
• मनावर ताण असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.

घरी परतलेला माणूस पुन्हा शेतात, दुकानात, चुलीपुढे उभा राहिला की नाही, हे तपासल्याशिवाय उपचार पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.