सही कापणारे हात

दिवाळी अंक हातात आला की मी आधी श्रेयनामावली वाचते. लेखकांची नावं असतात, मुद्रितशोधकाचं असतं, अक्षरजुळणी कुणी केली तेही असतं. आतल्या चित्रांपुढे मात्र अनेकदा एवढंच छापलेलं असतं : 'सौजन्य : इंटरनेट'. इंटरनेटने आजवर एक रेघही मारलेली नाही. ते चित्र कुणीतरी काढलं, कोपऱ्यात सही केली. ती सही कुणीतरी छाटली आणि चित्र बेवारस ठरवून पानात बसवलं. मी चित्रं काढून पोट भरते, म्हणून सौम्य शब्द शोधत बसत नाही. ही चोरी आहे.

माझ्या एका गणपतीच्या चित्राचा फ्लेक्स चौकात लागला. जिथे माझी सही होती, नेमका तिथेच स्थानिक नेत्याचा हात जोडलेला फोटो. कार्यकर्त्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, देवाचं चित्र आहे. देवाचा कसला आलाय कॉपीराइट?" देव सगळ्यांचा आहेच. पण पेणहून मूर्ती आणताना मूर्तिकाराला हे कुणी सुनावतं का? तिथे निमूट पैसे मोजले जातात, कारण मूर्ती त्याच्या कारखान्यात असते आणि तो समोर उभा असतो. चित्रकार समोर दिसत नाही, म्हणून त्याचं काम फुकट. अडवणारं कुणी नाही म्हणून उचलायचं, एवढंच या युक्तिवादाचं बळ.

रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता एके काळी महाराष्ट्रात घरोघरी कॅलेंडरांवर होत्या. आज तीच चित्रं सणासुदीला फोनवरून फिरतात, कोपरा छाटलेली, खाली कुठल्या तरी दुकानाचं नाव चिकटवलेली. "जुनी आहेत, चालतात." नाही चालत. हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरचा हक्क आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. म्हणजे दलालांच्या चित्रांवर २०३१ अखेरपर्यंत आणि मुळगावकरांच्या चित्रांवर २०३६ अखेरपर्यंत कुणाचा तरी हक्क आहे, वारसांचा किंवा ज्यांनी तो रीतसर विकत घेतला त्यांचा. चित्रकार धुरंधर गेले १९४४ साली. त्यांची चित्रं केव्हाच खुली झाली आहेत. ती हवी तेवढी छापा, पण नाव लिहायला काय जातं?

कायदा दुबळा आहे, ही ओरडही मला मान्य नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्तीच नाही. चित्र कागदावर उतरलं की हक्क जन्माला येतो. २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ ब आलं. हक्कांविषयीची माहिती, आणि कर्त्याचं नाव त्यात धरलेलं आहे, अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकली तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोपरा छाटणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? कलम ५७ तर त्याहून पुढे जातं : हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली सरकारने उखडून गोदामात टाकलं. शिल्प सरकारनेच करवून घेतलं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि उरलेलं शिल्प सेहगलांना परत करायला सांगितलं. सरकारला हे ऐकावं लागलं, मग फ्लेक्सवाल्याला का नको?

मात्र याच कायद्यात चित्रकारांना गाफील पकडणारी एक तरतूद आहे. पैसे देऊन कुणी चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतलं आणि उलट करार नसेल, तर त्या कामाचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. आपल्याकडे निम्मे व्यवहार तोंडी होतात. "दादा, बघून घेऊ" म्हणत माझ्या पिढीने आपले हक्क असेच घालवले आहेत.

सगळे कलावंत माझ्यासारखा विचार करत नाहीत. अमेरिकेच्या नीना पेली हिने सीतेवरचा 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा ॲनिमेशनपट जवळपास एकहाती केला, त्यातल्या जुन्या गाण्यांच्या हक्कांपायी ती मेटाकुटीला आली आणि शेवटी तिने आपला चित्रपटच सगळ्यांना मोकळा करून दिला. २०१३ साली तर नाव देण्याची अटही काढून टाकली. मला तिची भूमिका पटत नाही, पण तिचा आदर वाटतो, कारण तो निर्णय तिचा होता. माझं चित्र तुम्ही मित्राला पाठवा, भिंतीवर लावा, शिकणाऱ्या मुलाने त्याची नक्कल करावी, समीक्षकाने त्याची चिरफाड करावी. मला आनंदच आहे. पण त्यावर दुकान चालवायचं असेल, मतं मागायची असतील, अंक विकायचा असेल, तर आधी मला विचारा आणि पैसे द्या. देणं आणि लुटलं जाणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कलेच्या मुक्ततेवर मला प्रवचन देऊ नये.

"तुम्हालाच प्रसिद्धी मिळते ना?" असं म्हणणारे तर मला असह्य होतात. नाव छाटलेल्या चित्राने प्रसिद्धी कुणाची होते? त्या प्रसिद्धीवर वाणी उधार देत नाही आणि घरमालक भाडं सोडत नाही.

आता माझ्या प्रत्येक करारात दोन ओळी असतात : चित्राचे हक्क माझ्याकडे राहतील, आणि चित्र जिथे छापलं जाईल तिथे सहीसकट छापलं जाईल. यंदा एका अंकाने दुसरी ओळ गाळायला सांगितली. सहीमुळे मांडणी बिघडते म्हणे. मी चित्र परत मागवलं.